टर्मिनलखालचं कुंकू

खंडेनवमीला अमरावतीतल्या आमच्या आळीत प्रत्येक घरी काही ना काही पाटावर मांडलं जाई. वकिलांकडे कायद्याची जाड पुस्तकं, शिंप्याकडे पुसून लख्ख केलेलं मशीन, कुणाकडे विळी आणि खलबत्ता. शेजारच्या नारायण देवपुजारींच्या घरी मात्र पाट रिकामा असे. ताराकाकू पाटाभोवती रांगोळी काढत, समई लावत, आणि पाटावर काहीच ठेवत नसत.

लहानपणी मला वाटायचं, काकांचा देवावर विश्वास नसेल. तसं नव्हतं. रोज सकाळी ते सोवळ्यात देवपूजा करत, आणि घरातल्या चार पिढ्यांच्या पुजारीपणाला साजेसे त्यांचे मंत्र स्वच्छ होते. रिकाम्या पाटाचं कारण मला फार उशिरा कळलं. थोडं काकूंनी सांगितलं, थोडं काकांनी. जे काकांना बोलून सांगता आलं नाही ते त्यांच्या निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत आकड्यांनी लिहिलेलं होतं.

गोष्ट एकोणीसशे सदतीस सालची. तेव्हा काका कॉलेजात फिजिक्सचे डेमॉन्स्ट्रेटर होते. वय तिशीच्या आत. प्रयोगशाळेतल्या उपकरणांची काळजी त्यांच्याकडे होती आणि त्या सगळ्यांत त्यांचा जीव एका वस्तूवर होता. दोन उभ्या काचेच्या नळ्या, मध्ये आडवी जोडणी, तळाशी पाऱ्याचा थेंब, वर फिकट खडे. ही काच एका लाकडी पेटीत बसवलेली होती. पेटीचं झाकण काळ्या एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, आणि त्यावर पितळेचे दोन स्क्रू म्हणजे टर्मिनल. याला स्टँडर्ड सेल म्हणत. तो दिवा पेटवत नाही, घंटी वाजवत नाही, कसलंच काम करत नाही. त्याचा दाब एक पूर्णांक शून्य एक आठ तीन व्होल्ट असतो आणि वर्षानुवर्षं तेवढाच राहतो, एवढंच त्याचं मोल. सोनाराकडच्या तपासणीच्या वजनासारखा तो होता. बाकीची सगळी मीटरं खरी की खोटी हे त्याच्याशी ताडून ठरायचं. त्याला तिरका करायचा नाही, आणि त्याच्यातून वीज ओढायची नाही. ओढली तर तो थकतो, आणि थकल्याचं बाहेरून काहीच दिसत नाही.

अकोल्याच्या वीज कंपनीला तेव्हा एक अडचण होती. संध्याकाळी गावात दिवे लागू लागले की डायनॅमोचा दाब खाली जाई. मग पॉवर हाऊसमधला माणूस हातानं चाक फिरवून तो पुन्हा दोनशेवीस व्होल्टवर आणी. तरीही बल्ब लवकर फुटतात अशी वकील मंडळींची ओरड होती. हे काम आपोआप करणारं विलायती यंत्र महाग पडत होतं. कंपनीचे मॅनेजर कमलाकांत दामले काकांच्या ओळखीचे. काका म्हणाले, मी करून पाहतो.

त्यासाठी त्यांनी आठ महिने घेतले. यंत्रात एक चुंबक होतं आणि एक स्प्रिंग. गावाच्या विजेवर चालणारं चुंबक लोखंडी पट्टी एका बाजूला ओढी, स्प्रिंग दुसऱ्या बाजूला. दाब उतरला की स्प्रिंग जिंके, पट्टी एका टोकाला टेके आणि डायनॅमोला जोर मिळे. दाब चढला की चुंबक जिंके. ही ओढाताण सेकंदाला कित्येकदा चाले आणि तिच्यातून एक स्थिर दाब निघे. पण चुंबकाचं वेटोळं तांब्याचं, आणि उन्हात तांब्याचा विजेला असलेला विरोध वाढतो. अमरावतीत माघात नीट बसवलेलं यंत्र अकोल्याच्या वैशाखात चुकणार, हे काकांना दिसत होतं. त्यांनी वेटोळ्याच्या जोडीला मँगेनिन या मिश्रधातूची तार घातली. ही तार उन्हाला दाद देत नाही. किती तांबं आणि किती मँगेनिन, याची गणितं वहीची चौदा पानं भरून आहेत. ती पानं वाचताना त्यातला आनंद अजून हाताला लागतो. अक्षर उत्साहानं पुढे झुकलेलं आहे.

दसरा झाल्यावर लगेच यंत्र अकोल्याला बसवायचं ठरलं. स्प्रिंग किती ताणायची हे स्टँडर्ड सेलवरून ठरणार होतं, म्हणून सुटी लागताना काकांनी सेलची पेटी घरी आणली. प्रवासाला निघण्यापूर्वी तो कॉलेजातल्या दुसऱ्या सेलशी ताडून पाहायचा, असा नियम होता. दुसरा सेल प्रोफेसरांच्या कपाटात होता. किल्ली प्रोफेसरांकडे होती आणि प्रोफेसर दिवाळीपर्यंत रजेवर होते.

खंडेनवमीच्या सकाळी काकांनी पेटी पाटावर ठेवली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. काकू मला म्हणाल्या होत्या, "मी म्हटलं सुद्धा, कॉलेजची वस्तू आहे, राहू द्या. तर म्हणाले, इतर लोक सुरी-कात्री पुजतात, आपल्या घरात खऱ्याचं माप आहे. ते नाही पुजायचं तर काय पुजायचं?" फुलबाजारातून आणलेली झेंडूची माळ ओली होती. काकांनी ती दोन्ही टर्मिनलांना वेढून ठेवली. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, फुलानं पाणी शिंपडलं. कॉलेजात ओल्या बोटानं कुणी त्या पेटीकडे नुसतं वळलं असतं तरी ते ओरडले असते. घरी ते मंत्र म्हणत होते.

आमच्याकडे रीत अशी, की पूजलेल्या वस्तूला दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत हात लावायचा नाही. त्या दिवशी हत्यारं विसावा घेतात. त्या रीतीनं सेल दीड दिवस तसाच राहिला, दोन टर्मिनलांवर ओलं कुंकू आणि झेंडू घेऊन. दसऱ्याला रात्री काकांनी झाकण ओल्या फडक्यानं पुसून, मग कोरड्या फडक्यानं पुसून पेटी बांधली.

बडनेऱ्याला गाडी बदलून ते अकोल्याला गेले. यंत्राचं खोकं लगेजमध्ये टाकलं होतं. सेल मात्र त्यांच्या मांडीवर होता. पॉवर हाऊसच्या दारात टांग्यातून उतरतानाही त्यांनी पेटी दोन्ही हातांनी धरली होती, तेव्हा दारातला माणूस हसून म्हणाला, "हळू मास्तर, हळू. लेकरू आनलं काय संगं?"

हा सहदेव ताथोड. चाक फिरवणारा माणूस तो हाच. घरची बार्शीटाकळीला भाजी आणि फुलांची बाग होती. भावाशी पटलं नाही म्हणून तो अकोल्यात आला होता आणि गेली नऊ वर्षं डायनॅमोपाशी उभा होता. त्याची बायको पार्बताबाई अकोल्याच्या बाजारात भाजी विकायची. शाळा त्यानं दोन इयत्ता केली होती. स्विचबोर्डाच्या कोपऱ्यात, मीटराच्या बाजूला, त्यानं जुन्या जमान्यातला एक कोळशाच्या तारेचा दिवा टांगून ठेवला होता.

"हा कशाला?" काकांनी विचारलं.

"मीटर पाह्यतो, मंग याले पाह्यतो. दाब बरोबर असला का हा पिकल्या संत्र्यावानी दिसते. कमी झाला तं इटकरी होते. जास्त झाला तं लिंबावानी." सहदेवनं मान हलवली. "मीटर तं लोखंडाचं हाय जी. कवा बिघडीन सांगता येत नाही. हा खोटं नाही बोलत."

दिवेलागणीला काकांनी पेटी उघडली, तारा जोडल्या. गावाच्या दाबाचे दोनशे सोळा सारखे भाग केले, की दोनशेविसातला एक भाग जवळजवळ सेलएवढा येतो. मग दोघांना समोरासमोर जोडायचं आणि गॅल्व्हनोमीटरचा उजेडाचा ठिपका हलतो का पाहायचं; दाब सारखे असतील तर तो हलत नाही. ठिपका हलला. काकांनी पुन्हा जोडलं, पुन्हा पाहिलं, गणित केलं. बोर्डावरचं मीटर दोनशेवीस दाखवत होतं. सेलच्या हिशेबानं गावात दोनशेसव्वीस व्होल्ट जात होते.

मॅनेजर दामले मागे उभे होते. "म्हणजे बल्ब फुटतात ते यामुळे," ते म्हणाले. "मीटर सहा कमी दाखवतंय. याला कुणी हात लावला?"

"म्या लावला होता जी," सहदेव लगेच म्हणाला. "मागच्या उन्हाळ्यात इंजन बंद असतानी काटा शून्यावर बसे नाही. म्या बारका स्क्रू फिरवून बसवला."

"कुणाला विचारून?"

"इचारलं नाही. सोपं काम होतं." मग तो काकांकडे वळला. "पन मास्तर, दाब काही जास्त नाही. दिव्याकडे पाहा ना. लिंबावानी दिसून राहिला का थो?"

"दिवा म्हणे!" दामले हसले. "हे विलायतचं माप खोटं आणि तुझा दिवा खरा काय रे?"

सहदेव हसला नाही. तो काकांकडेच पाहत राहिला. "तुमी सांगा मास्तर."

काकांनी दिव्याकडे पाहिलं. तो पिकल्या संत्र्याच्या रंगाचा होता.

याच्यापुढचं काकांनी मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना ते माझ्याकडे पाहत नव्हते. त्या संध्याकाळी इंजिन सुरू व्हायच्या आधी त्यांनी मीटराचा काटा पाहिला होता. तो बरोबर शून्यावर होता. म्हणजे सहदेवनं स्क्रू फिरवला तो नीटच फिरवला होता; सहा व्होल्टांचा दोष त्या स्क्रूचा असूच शकत नव्हता. फिजिक्सच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे कळलं असतं. मीटर जुनं झालं असेल, किंवा चूक दुसरीकडे असेल. दुसरीकडे म्हणजे कुठे, हा प्रश्न त्यांनी मनात येऊ दिला नाही, कारण टेबलावर दुसरी वस्तू एकच होती.

ते सहदेवला म्हणाले, "तुझ्या डोळ्याला सवय झाली असेल, सहदेव. सेल चुकत नाही."

दुसऱ्या दिवशी यंत्र बसलं, स्प्रिंग सेलवरून ताणली गेली. कंपनीसाठी काकांनी इंग्रजीत दीड पानी अहवाल लिहिला. त्यात एक वाक्य होतं: मीटराच्या स्क्रूशी अनधिकृत छेडछाड झाल्याचे दिसते. वाक्य खोटं नव्हतं. सहदेवनं ते स्वतःच सांगितलं होतं. पण ते अशा जागी बसवलेलं होतं, की वाचणाऱ्यानं पुढचं स्वतःच जोडून घ्यावं. दामल्यांनी जोडून घेतलं. आठवड्याच्या आत सहदेवला काढलं. तसंही चाक फिरवायला आता माणूस लागणार नव्हता.

दिवाळीपर्यंत अकोल्यातून काकांना तीन पत्रं आली. बल्ब फुटायचे थांबले होते. एका वकिलानं लिहिलं, की त्यांच्या दिवाणखान्यातला बल्ब दोन आठवडे टिकला आहे. फक्त एका पिठाच्या गिरणीवाल्यानं तक्रार केली, की मोटर रेंगाळते. तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

दिवाळीनंतर प्रोफेसर आले, कपाट उघडलं. नेहमीची तपासणी म्हणून काकांनी दोन्ही सेल समोरासमोर जोडले. ठिपका पट्टीच्या बाहेर गेला. त्यांना वाटलं तार सैल आहे. तार सैल नव्हती. प्रवास केलेला सेल एक पूर्णांक शून्य शून्य चारवर होता. म्हणजे महिनाभर विसावा घेऊनही तो अजून थकलेला होता. अकोल्यात, पूजेनंतर तिसऱ्या दिवशी, तो किती खाली असेल? त्यांनी गणित उलटं केलं. दोनशेसव्विसाऐवजी खरे दोनशेवीस धरले तर सेल शून्य पूर्णांक नऊ नऊ एक येत होता. जुळत होतं. आणि त्या थकलेल्या सेलवर बसवलेलं यंत्र गावाला दोनशेचौदाच देत होतं. बल्ब टिकत होते कारण ते मंद जळत होते.

कारण सापडायला एक दिवस गेला. काकांनी एका टर्मिनलचा पितळी नट पूर्ण काढला. नटाखाली, एबोनाइटवर, लाल रेघ होती. फडकं तिथवर पोचलं नव्हतं. रेघ पुढे हळदीच्या पिवळ्या डागात मिसळत दुसऱ्या टर्मिनलकडे गेली होती. ती ओली असताना दीड दिवस त्या वाटेनं सेलमधून वीज झिरपत राहिली होती. वहीत त्या दिवशी आकडा नाही. फक्त लिहिलं आहे: "कुंकू."

इथून पुढे त्यांनी जे केलं ते त्यांना सगळ्यात जास्त टोचत राहिलं. त्यांनी काहीच केलं नाही. दर सोमवारी ते सेल मोजत. कारण थकलेला सेल एकटा सोडला की हळूहळू सावरतो. डिसेंबरात एक पूर्णांक शून्य एक एक. संक्रांतीला शून्य एक चार. वहीत एकाखाली एक आकडे चढत गेले आहेत, आजारी माणसाचा ताप उतरावा तसे उलटे. "मला वाटायला लागलं," ते म्हणाले, "तो पूर्ण बरा झाला की झालेलं काही झालंच नव्हतं असं होईल. मी माझ्या चुकीचा पुरावा बरा होण्याची वाट पाहत होतो." महाशिवरात्रीच्या आठवड्यात आकडा शून्य एक आठ शून्यवर आला. त्या पानावर त्यांनी पेन दाबून एक रेघ ओढली आहे, कागद फाटेल इतकी.

चैत्रात दामल्यांनी बोलावलं. ऊन वाढलं होतं, यंत्र एकदा पाहून जा. काका गेले. या वेळी सेल त्यांनी प्रोफेसरांच्या सेलशी ताडून आणला होता. पॉवर हाऊसमध्ये तेलपाणी करणारे नत्थुजी एकटेच होते. बोलता बोलता काकांनी विचारलं, "सहदेव कुठे असतो हल्ली?"

"थो? गेला बार्शीटाकळीले, भावाच्या वावरात. इथं राह्यनार कसा? बायकोच्या तराजूवर लोकं भरोसा नाही करत. म्हनतात, नवऱ्यानं कंपनीचं मीटर फिरवलं, तू आमचं माप फिरवशीन. बाई आपली वजनं दाखवते, लोकं हासतात."

काकांनी यंत्राची पेटी उघडली. मँगेनिननं आपलं काम चोख केलं होतं. उन्हानं काही बिघडलं नव्हतं. यंत्र अगदी बरोबर चालत होतं, फक्त त्याला शिकवलेली गोष्ट चुकीची होती. कोपऱ्यातला कोळशाचा दिवा अजून टांगलेला होता. विटकरी. त्यांनी सेल जोडला आणि स्प्रिंग थोडी थोडी ताणत नेली. दिव्याचा रंग हळूहळू उजळत गेला, आणि गॅल्व्हनोमीटरचा ठिपका मध्यावर थांबला तेव्हा तो पिकल्या संत्र्यासारखा दिसत होता. नत्थुजी म्हणाले, "वा! आता सहदेवच्या टायमावानी दिसते."

दामल्यांच्या खोलीत काकांनी सगळं सांगितलं. कुंकवासकट. दामले आधी हसले, मग त्यांना राग आला.

"म्हणजे तुम्ही पुन्हा सहा व्होल्ट चढवलेत? अहो, लोक खूश आहेत! आता बल्ब फुटले की दारात मलाच उभं करतील."

"दोनशेवीस हाच खरा दाब आहे. बल्ब हलके आहेत, तो दोष—"

"खरा दाब कुणाला हवाय, नारायणराव?"

"सहदेवला परत घ्या. अहवाल मी मागे घेतो. हे पत्र लिहून आणलंय."

दामल्यांनी पत्र वाचलं, घडी घातली, फायलीत ठेवलं. त्यांचा आवाज नरम झाला होता. "घेतलं असतं. पण घेऊन देऊ काय त्याला करायला? त्याचं काम तुमचं यंत्र करतंय. चांगलं करतंय."

काका तिथून उठले आणि बार्शीटाकळीला जाणाऱ्या मोटारीत बसले.

सहदेव बागेत होता. वांग्याच्या ओळींमधून पाणी सोडत होता, फावड्यानं मातीचा बांध फोडत, पुढचा बांधत. काकांना पाहून त्यानं फावडं खाली ठेवलं नाही. काका बांधावर उभं राहून बोलले. सेल, पूजा, नटाखालची रेघ, स्क्रूविषयीचं वाक्य. शेवटी म्हणाले, "तुमचं मीटर बरोबर होतं. तुमचा दिवाही बरोबर होता. चूक माझी होती, आणि ती मला दिवाळीपासून माहीत होती."

"मले 'तुमी' म्हनू नका मास्तर, कसंतरी होते." सहदेवनं एका ओळीत पाणी वळवलं. "आन हे तुमी मले काहून सांगून राहिले? मले तं त्याच दिवशी मालूम होतं. दिव्यानं सांगतलं होतं."

"मग तुम्ही... तू ठासून बोलला का नाहीस?"

"बोललो ना जी. तुमीच आयकलं नाही. तुमचं ध्यान लेकराकडे होतं."

पार्बताबाई खोपटाच्या दारात टोपली भरत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. टोपली डोक्यावर घ्यायला ती वाकली आणि तशीच म्हणाली, "यायले सांगून काय फायदा? यायची झोप कधी मोडली नाही. माही मोडली. आज बाजार हाय गावात. इथंबी लोकं तेच म्हनतात. मी चालली. तिथं सांगा."

काकांनी जमिनीवरचा तराजू उचलला. पितळेची दोन पारडी, साखळ्या, लोखंडी दांडी. पार्बताबाई पुढे, डोक्यावर टोपली. मागे धोतर-कोट-टोपीतले मास्तर, हातात तराजू, पारडी एकमेकांवर आपटत. वाटेत पोरं मागे लागली. सहदेव आला नाही. पाणी चालू होतं.

बाजारात पार्बताबाईनं टोपली मांडली. शेजारी गोवर्धन नावाचा म्हातारा कांदे घेऊन बसला होता. मास्तरांना पाहून तो ओरडला, "काय पार्बते, तराजू धरायले ब्राह्मन ठेवला काय आता?"

लोक हसले. हसू थांबायच्या आत काका बोलू लागले. त्यांना वर्गात बोलायची सवय होती, तरी आवाज बारीक निघाला. मी अमरावतीहून आलो, म्हणाले. सहदेवचं मीटर तपासायला मीच आलो होतो. व्होल्ट म्हणताच लोकांचे चेहरे कोरे झाले. मग त्यांनी पार्बताबाईचं शेराचं वजन उचललं आणि वर धरलं. "समजा यांचं वजन तपासायला मी माझं वजन घेऊन आलो. आणि माझंच वजन झिजलेलं निघालं. यांचं खरं होतं, आणि मी लिहून दिलं की यांचं खोटं."

गोवर्धननं मान तिरकी केली. "म्हंजे तुमचंच माप खोटं होतं म्हना ना."

"हो."

"कोनं झिजवलं थे?"

"मीच. खंडेनवमीला पूजा केली त्याची."

आता बाजार मोठ्यानं हसला. "घ्या! वजनाची पूजा!" कुणीतरी म्हणालं. "देवाले नैवेद्य कमी पडला असीन!" काका त्या हसण्यात उभे राहिले. पार्बताबाई हसत नव्हती. ती एकेकाचा चेहरा पाहत होती. ज्यांनी तिची वजनं हातात घेऊन उलटी करून पाहिली होती, ते यांतच असावेत.

हसू ओसरल्यावर गोवर्धननं सावकाश विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "मंग मास्तर, त्याचं माप खोटं म्हनून त्याले काढलं. तुमचं खोटं निघालं. तं तुमाले कोनं काढलं?"

काकांच्या हातात शेराचं वजन होतं. "कोणी नाही," ते म्हणाले.

मग एक बाई पुढे आली, म्हणाली, "पार्बते, शेरभर वांगे दे वं," आणि पार्बताबाईनं काकांकडे पाहून हात पुढे केला. वजन हवं होतं तिला. त्यांनी ते दिलं. तिनं तोललं. काटा मध्यावर थांबला. बाईनं वांगी पदरात घेतली आणि वजन उलटून पाहिलं नाही.

संध्याकाळच्या मोटारीसाठी काका वाटेवर उभे होते, तेव्हा सहदेव फावडं खांद्यावर टाकून आला. बाजारात काय झालं ते त्याला कळलं होतं की नाही कोण जाणे, त्यानं विचारलं नाही.

"दिवा अजून टांगला हाय तिथं?" सहदेव म्हणाला.

"आहे."

"आता कसा दिसते?"

"संत्र्यासारखा."

"पिकल्या का कच्च्या?"

काकांनी नीट आठवून पाहिलं. हा आकडा त्यांना चुकवायचा नव्हता. "पिकल्या," ते म्हणाले.

सहदेवनं मान हलवली आणि मोटार यायच्या आधीच तो बागेकडे परत गेला, कारण शेवटच्या दोन ओळींना पाणी लागायचं राहिलं होतं.

अकोल्यातले बल्ब त्या उन्हाळ्यात पुन्हा फुटू लागले. कंपनीनं काकांना परत कधी बोलावलं नाही.